पणजीत पहिली नोकरी: रोज ये-जा करावी की खोली घ्यावी, आणि एकटीनं जमेल का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, नुकतंच बीकॉम झालेलं, पणजीत एका खासगी कंपनीत अकाउंट्सला नोकरी लागलीय, पत्रावर पगार १८ हजार. रोज बसनं ये-जा करायची की खोली घ्यायची, आणि घर सोडून कधी एक रात्रही बाहेर न राहिलेल्या मुलीला हे एकटीनं जमेल का, असं तू विचारलंयस. वयानं मोठी आहे, म्हणून सरळ तू म्हणते.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्याही आतल्या गावातली. २०१३च्या जूनमध्ये पणजीत अकाउंट्सलाच लागले आणि अजून इथेच आहे. मुंबई-पुण्याकडची माणसं पणजीला मोठं शहर मानत नाहीत, आणि आकड्यांत ते बरोबरच आहे. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत जेमतेम ४० हजार लोक होते. पण तुझ्या पोटात जो गोळा आलाय तो खरा आहे, त्याला कुणी हसलं तर मनावर घेऊ नकोस. गावात मी कुणाची नात हे बसच्या कंडक्टरलाही माहीत होतं. पणजीत कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्या एसटीच्या, स्टँडवर उतरले त्या दिवशी पहिल्यांदाच आजूबाजूच्या शेकडो माणसांत मला ओळखणारं एकही नव्हतं. आपल्यासारख्या मुलींसाठी मोठं शहर तिथेच सुरू होतं.

ये-जा मी चार महिने केली. वाळपईहून साखळी करत पणजी, दीड तास, पावसात दोन. सकाळचं काही वाटायचं नाही. मांडवीच्या काठानं बस रायबंदरच्या बांधावर आली की एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. हा बांध पोर्तुगीजांनी १६३४ साली पुरा केलेला. खिडकीशी जागा मिळाली तर तेवढ्यानं दिवस चांगला जायचा. त्रास संध्याकाळचा. गोव्यात आठ वाजून गेले की आतल्या गावांच्या बस दिसेनाशा होतात, आणि अकाउंट्सचं काम घड्याळ बघून सुटत नाही. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीचं एक रिटर्न, जीएसटीआर-१, १५ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २०ला जीएसटीचं दुसरं रिटर्न, ३बी. या तारखांच्या आदल्या दिवशी साहेब 'एवढं मॅच करून जा' म्हणणारच, आणि नवीन मुलगी उठून जाऊ शकत नाही. मार्च एंडचं तर विचारूच नकोस. तू बहुतेक म्हापशापर्यंत येऊन पुढे पणजीची शटल, म्हणजे थेट जाणारी बस, धरशील. शटलला आधी खिडकीवर तिकीट काढायचं, मग रांग. संध्याकाळी ती रांग स्टँडभर गेलेली असते. म्हापशाहून दोडामार्गची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्वतः स्टँडवर जाऊन विचार, त्यातून शटलचा वेळ नि रांगेचा अर्धा तास वजा कर. जी वेळ उरेल त्या वेळेला तुला रोज ऑफिसमधून उठता येणार आहे का? माझ्या अनुभवानं नाही. म्हणून माझं मत सांगते, खोली घे.

पण खोली घेताना मी जी चूक केली ती करू नकोस. मी भाडं बघितलं. नदीपलीकडे पर्वरीच्या आत, सुकूरच्या बाजूला स्वस्तात खोली मिळाली, दुपारी जाऊन बघितली, विहीर, आंबा, मोकळी हवा, आईलाही आवडली. पहिल्या आठवड्यात एकदा ऑफिसला उशीर झाला. हायवेवर उतरले तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आत वीस मिनिटांची वाट, मध्ये दोनच दिवे, एका बंद बंगल्यापाशी चार-पाच कुत्री. मोबाइलचा उजेड पायांपुढे धरून मी चालत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. मी म्हटलं, "पोचले गे, जेवायलाच बसतेय." ते खोटं बोलले ते मला अजून टोचतं. त्यानंतर दोन महिने मी रोज खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी न्यायला आले असते.

नंतर पणजीतच मळा नावाच्या भागात आले, मारुतीच्या देवळाखालच्या जुन्या वस्तीत. भाडं दीडपट, खोली निम्मी. पण पाटो या पणजीतल्या ऑफिसांच्या भागातून चालत घरी, आणि नऊ वाजताही रस्त्यावर माणसं. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंचं घर होतं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी. त्यांना सगळ्या आंटी म्हणायच्या. सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत यायचा. आम्ही रात्रीच फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवायचो, तो त्यात उंडे, म्हणजे गोल पाव, टाकून जायचा, हिशेब महिन्याला. गोव्यात हे घरोघर चालतं, तुलाही कळेलच.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये बाकीच्या दोघी चवथीसाठी, म्हणजे गणपतीसाठी, आधीच गावी गेल्या होत्या. मला रात्री ताप भरला. सकाळी उठायला गेले तर उभं राहवेना, फोन कुठे पडला होता तेही सुचेना. नऊच्या सुमारास दारावर थाप पडली. "गो बाय, पाव काडूंक ना?" आंटी हातात ती पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवी नऊपर्यंत फाटकाला तशीच लटकत होती, एवढंच त्यांनी बघितलं होतं. शेजारच्या मुलाला हाक मारून त्याच्या गाडीतून मला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, नेलं. डेंग्यू निघाला. पाच दिवस तिथे होते, आई येईपर्यंत पेज त्यांनीच आणून दिली.

एकटीनं जमेल का या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. एकटीनं कुणालाच जमत नाही. तू एखाद्या दिवशी दिसली नाहीस तर कुणाच्या तरी लक्षात येईल, अशा जागी राहायला जा. टाइल्स, गॅलरी, वेगळा नळ हे सगळं नंतर. नव्या फ्लॅटांत वर्षभर शेजारच्या दाराआड कोण आहे ते कळत नाही. मालक त्याच घरात राहतो अशी जुन्या वस्तीतली खोली मळा, भाटले, सांतिनेज, रायबंदर या बाजूंना विचारून मिळते. जाहिरातीत ती फारशी नसते, तुझ्या ऑफिसमधल्या शिपाईमामांना किंवा कँटीनच्या बाईला विचार, त्यांना सगळं माहीत असतं. मांडवीपलीकडची बेतीही चांगली, तिथून पणजीला फेरीबोट आहे आणि चालत जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. किनाऱ्याकडच्या गावांत मात्र बघून घे. तिथे काही मालक पावसाळ्यात खोली देतात आणि सीझन लागला की पर्यटकांसाठी रिकामी करून मागतात. कागदावर अकरा महिने लिहून घेतल्याशिवाय डिपॉझिट देऊ नकोस. पोलीस स्टेशनचा भाडेकरूंचा फॉर्म मालकानं भरलाच पाहिजे. टाळाटाळ करत असेल तर ती खोली सोडून दे.

आता पगार. १८ हजार पत्रावर आहेत, हातात तेवढे येणार नाहीत. समजा मूळ पगार १२ हजार धरलाय, तर १२ टक्क्यांनी १४४० रुपये पीएफला जातील. पगार २१ हजारांच्या आत आहे म्हणून ईएसआय लागेल, त्याचे पाऊण टक्क्यानं १३५. म्हणजे हातात १६,४२५. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं की पैसे कापले म्हणजे काहीतरी चुकलं, आणि विचारायची लाज वाटली. तू अकाउंट्सची आहेस, विचार. पीएफचा यूएएन, म्हणजे तुझ्या खात्याचा कायमचा नंबर, घेऊन स्वतः चालू कर, आणि कंपनीचा हिस्सा जमा होतोय का ते दर महिन्याला पासबुकात बघ. ईएसआयचं कार्डही मागून घे, आजारपणात ते उपयोगी पडतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हवाली करू नकोस. माझ्या पहिल्या ऑफिसात 'व्हेरिफिकेशनला' म्हणून दहावीपासूनची सगळी फाइल ठेवून घेतली. उद्या देतो, परवा देतो म्हणत सात महिने गेले. दुसरीकडे नोकरी मिळाली तेव्हा साहेब म्हणाले, महिन्याचा पगार सोड आणि फाइल घेऊन जा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग ऑफिसमधल्याच एका वयस्क बाईंनी मला खाली चहाला नेलं नि सांगितलं, कामगार आयुक्तांचं ऑफिस इथेच पाटोवर आहे, श्रमशक्ती भवनात. साहेबांच्या नावे अर्ज लिही, खाली 'प्रत: कामगार आयुक्त' असं लिही, आणि पोचपावतीवर सही माग. मी लिहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी फाइल माझ्या टेबलावर होती. प्लास्टिकमध्ये न ठेवल्यामुळे बारावीच्या मार्कशीटला पावसाची बुरशी लागलेली. तो डाग अजून आहे. तू मूळ प्रत दाखव, झेरॉक्स दे, आणि मूळ परत पिशवीत घालूनच खुर्चीतून ऊठ. जॉइन व्हायच्या आधी सगळ्याचे फोटो काढून आईच्या फोनवरही पाठवून ठेव.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण ऑफिसमध्ये कुणी नको तसं बोललं, हात लावला, रात्री नको ते मेसेज पाठवले, तर 'आपलंच काही चुकलं असेल' म्हणून गप्प बसू नकोस. २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ वहीत लिहून ठेव. रस्त्यात काही झालं तर ११२.

भाषेची काळजी तू उगाच करतेयस. तुझी मालवणी इथे सगळ्यांना समजते आणि दोन महिन्यांत त्यांची कोंकणी तुझ्या तोंडात बसेल. इंग्रजी ईमेलची भीती मलाही होती. जुने ईमेल उघडून तसेच लिहीत गेले, जमलं.

संध्याकाळ मात्र जड जाते. सहा वाजता सुटलीस आणि खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसलीस तर पंधरा दिवसांत घरी परत जावंसं वाटेल. पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. आता इमारत नवी आहे. मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत. पहिल्या वर्षी ऑफिस सुटल्यावर मी तासभर तिथेच बसायचे. कुणी काही विचारत नाही, आजूबाजूला स्पर्धा परीक्षांच्या मुली अभ्यास करत असतात, त्यातल्याच एकीशी माझी मैत्री झाली आणि पुढे आम्ही एकत्र खोली घेतली. कांपालला कला अकादमीत मराठी नाटकं लागतात, तिथेही जा. दर शनिवारी घरी पळू नकोस. मी पळायचे, त्यामुळे वर्षभर मला पणजीचा रविवार कसा असतो तेच माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी जा, आणि मधल्या रविवारी मार्केटमधून बांगडे आणून स्वतः हुमण, म्हणजे माशांची आमटी, कर. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेव. पहिले दोन आठवडे मी रिकाम्या हातानंच परत यायचे.

स्कूटर शीक, पण हप्त्यावर लगेच घेऊ नकोस, पगार सहा महिने हातात पडू दे. तोवर अडल्या वेळी पायलट आहेत, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाले. स्टँडवरचाच घे, भाडं आधी ठरव. मळ्याच्या कोपऱ्यावरचे एक काका मला नावानं ओळखायचे, उशीर झाला तर आंटींच्या फाटकापर्यंत सोडून दार उघडेपर्यंत थांबायचे.

खोली बघायला येशील तेव्हा आईला घेऊन ये. मालक दुपारी बोलावेल, दुपारी बघा. मग दोघी बाजारात चहा प्या आणि साडेसात-आठला, अंधार पडल्यावर, ऑफिसच्या दारापासून त्या खोलीपर्यंत परत एकदा चालत जा. आईला पुढे चालू दे. ती कुठे थांबते, कुठे तुझा हात धरते ते बघ. ऑफिस पाटोवर आहे, मिरामारला आहे की अल्तिनोवर, तेही कळव. मळ्यातल्या त्या घरात आता आंटींची सून असते, खोली रिकामी आहे का ते मी या रविवारी विचारून येते.