हप्ता थांबवून तो पैसा ताटात घालू का?

कोपरखैरण्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

“मी ४४ वर्षांचा, महापे एमआयडीसीत नोकरीला. घरात बायको, दोन मुलं आणि ७१ वर्षांची आई. नऊ वर्षांपासून आम्हा पाच जणांचा मिळून पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा एकत्र आरोग्य विमा आहे. एकदाही क्लेम केलेला नाही. वर्षाचा हप्ता मात्र वाढत वाढत यंदा ६०,००० झाला. गेल्या महिन्यात कंपनीतल्या तपासणीत माझी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची चाचणी) ६.१ आली. तेव्हापासून वाटतंय, आजार झाल्यावर भरपाई मिळावी म्हणून पैसे भरण्यापेक्षा आजारच होऊ नये म्हणून ते खर्च करावेत. निम्म्याहून जास्त आजार चुकीच्या खाण्यामुळे होतात, असंही वाचलं. सेंद्रिय पदार्थांचा बॉक्स महिन्याला ३,००० रुपयांत घरपोच मिळतो. तो सुरू करून उरलेले २,००० म्युच्युअल फंडाच्या दरमहाच्या एसआयपीत टाकले तर आजारपणासाठी स्वतःचा फंडही होईल. कंपनीचा तीन लाखांचा विमा आहेच. सध्या बाहेरच्या खाण्यावर महिन्याला सहा हजार जातात, तेही कमी करू. नूतनीकरण पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला आहे. काय करावं?”

नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकते: हप्ता भरा, १८ तारखेच्या आत भरा. जेवण बदलायचं तुम्ही ठरवलंय तेही नक्की करा, पण त्यासाठी हप्त्याला हात लावायची गरज नाही. ते पैसे तुमच्याच पत्रात दुसरीकडे पडलेत. त्याकडे येतेच.

तुमचा मूळ विचार मला पटतो. तुम्ही वाचलेला आकडाही खरा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात देशातल्या आजारांच्या एकूण भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचा अंदाज दिलाय. तुमच्यासारख्यांसाठी त्याहून थेट पुरावा आहे. साखर वाढलेली, पण मधुमेह अजून न झालेला, अशा तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. थोडं वजन उतरवून आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनीच घटलं. आपल्याकडे भारतीयांवर असाच अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. घट कमी, साधारण २८ टक्के, पण दिशा तीच. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानतात आणि तुम्ही त्याच्या मधोमध उभे आहात. इथून मागे फिरता येतं. म्हणून ताटाचा विषय मी तुमच्याइतकाच गांभीर्याने घेते.

पण ५६ टक्क्यांच्या पलीकडे उरलेले जवळजवळ ४४ टक्केही आहेतच. माझे एक अशील ठाण्यात कोपरीला राहायचे. निर्व्यसनी, रात्री साडेसातला जेवण आटोपणारे, दर रविवारी येऊर चढणारे. जुलैतल्या एका संध्याकाळी घोडबंदर रोडवर पावसात त्यांची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, रॉड, अकरा दिवस खाट. त्यांच्या आहारात खोट काढायला जागाच नव्हती. डेंग्यू, अपेंडिक्स, मुलाचा खेळताना मोडलेला हात, यातलं काहीच नाचणीच्या भाकरीला घाबरत नाही.

आता हिशेबातली खरी गोम. आहार आणि विमा एकाच बिलासाठी भांडत नाहीत, त्यांची बिलं वेगळी आहेत. तुमच्यासारख्या नेहमीच्या पॉलिसीत पैसे मिळतात ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर, किंवा त्याच दिवशी घरी सोडतात अशा ठरावीक डे-केअर उपचारांसाठी. मधुमेह मात्र खिसा कापतो तो दाखल न होता: दर महिन्याच्या गोळ्या, साखर मोजायच्या पट्ट्या, तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, वर्षातून एकदा डोळे आणि मूत्रपिंड. चाळिशीत सुरू झालेला हा खर्च जन्मभर चालतो आणि त्यातला बहुतेक भाग विमा देत नाही. तो टाळण्याची ताकद आहारात आणि चालण्यात आहे, आणि तिथे तुमचा एकेक रुपया वसूल होईल. उलट एका रात्रीत येणारं तीन लाखांचं बिल आहार भरू शकत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तरी खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी दोन-तीन लाखांच्या घरात सहज जाते, कारण बिल फक्त स्टेंटचं नसतं.

तुमची एसआयपी हे बिल भरेल का? महिना २,००० रुपये, परतावा वर्षाला दहा टक्के धरू, म्हणजे उदार मनाने. पाच वर्षांनी साधारण १ लाख ५६ हजार होतात. दहा वर्षांनी ४ लाख १३ हजार. दहा वर्षं एकही पैसा न काढता, तेवढ्या काळात आईंची ऐंशी आणि तुमची चोपन्न वर्षं उलटल्यावरही, आज हातात असलेल्या पाच लाखांपर्यंत तुम्ही पोहोचत नाही. शिवाय बाजार पडलेला असतानाच नेमकं कुणी आजारी पडलं तर? एसआयपी चांगलीच गोष्ट आहे, पण मुलांच्या शिक्षणासाठी करा.

कंपनीचे तीन लाख नोकरी असेपर्यंत. त्यापुढे बोलायलाच नको.

आणि ज्या गोष्टीसाठी मी इतकी आग्रहाने लिहितेय, ती तुमच्या रिपोर्टमध्येच आहे. तुमच्या पॉलिसीला नऊ वर्षं झालीत. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, संपलाय. सलग साठ महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही असा नियम आहे, आणि तुम्ही तो टप्पा कधीच ओलांडलाय. मध्येच साखर वाढली म्हणून तुमचं नूतनीकरणही त्यांना नाकारता येत नाही. ही नऊ वर्षांची पुण्याई आहे, आणि १८ तारीख व त्यानंतर उशिरा हप्ता भरायला मिळणारी सवलतीची मुदत उलटली की ती शून्य होते. दोन वर्षांनी परत विमा घ्यावासा वाटला तर अर्जात ६.१ लिहावं लागेल. न लिहिणं हा मार्ग नाही, पुढे क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं. मग कंपनी हप्ता वाढवेल, तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लावेल किंवा नकोच म्हणेल. आईंचं तर विचारूच नका. पासष्टनंतर नवा विमा न देण्याची अट २०२४ मध्ये उठली, तरी कुणाला घ्यायचं हे प्रत्येक कंपनी तपासूनच ठरवते. एचबीएवनसी ५.३ असती तर कदाचित मी तुमच्याशी इतका वाद घातला नसता. ६.१ आल्यावर ही जुनी पॉलिसी तुमच्या घरातल्या सगळ्यात मोलाच्या कागदांपैकी एक झालीय.

हप्ता साठ हजार का झाला, हेही पाहू. फ्लोटरचा हप्ता बहुधा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. आईंची एकाहत्तरी तुम्हा चौघांच्याही हप्त्यात शिरलीय. म्हणून विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आईंची स्वतंत्र पॉलिसी, आणि तुम्हा चौघांचा वेगळा फ्लोटर. अट एकच, दोन्हीकडे नऊ वर्षांचं सातत्य जसंच्या तसं राहिलं पाहिजे आणि तसं पत्रात लिहून आलं पाहिजे. नुसत्या फोनवरच्या शब्दावर विसंबू नका. दोन्हींची बेरीज साठच्या खाली येईलच असं नाही, पण पाच लाखांत पाच जणांनी वाटणी करण्याची वेळ टळेल. आणि साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, हा जानेवारी २०२५ पासूनचा नियम आईंच्या बाजूने आहे. नोटीस आली की कराची ओळही पाहा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. तुमची करप्रणाली जुनी असेल तर प्राप्तिकरात आईंच्या हप्त्याची ५०,००० पर्यंतची वजावट वेगळी मिळते. नव्या प्रणालीत काहीच मिळत नाही.

आईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्डही या आठवड्यातच काढा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात, आणि खासगी विमा असला तरी चालतं. योजनेतल्या रुग्णालयांतच ते वापरता येतं, म्हणून तुमच्या भागातली कुठली रुग्णालयं त्यात आहेत ते आधीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता रिक्षात बसून ते शोधायची वेळ येऊ नये. या कार्डाच्या जोरावर आईंची जुनी पॉलिसी मात्र सोडू नका.

आता ताट. बाहेरच्या खाण्याचे महिन्याला सहा हजार तुम्ही स्वतःच लिहिलेत. ते निम्म्यावर आणले की बॉक्सचे तीन हजार सुटतात, हप्त्याला धक्का न लागता. पण बॉक्स घ्याच असं मी म्हणणार नाही. तुम्ही सोबत पाठवलेली यादी वाचली: क्विनोआ, मध, फळांचे रस, नाचणीची बिस्किटं, सेंद्रिय गूळ. सेंद्रिय असला तरी गूळ साखर वाढवतोच, मधही वाढवतो, आणि रसात फळाचा चोथा गेलेला असतो. नाचणीच्या बिस्किटांचं पाकीट उलटून पाहा, मैदा आणि साखर नाचणीच्या आधी लिहिलेली असते का. उंबरठ्यावरच्या माणसाने महिन्याला तीन हजार देऊन हे घरी आणावं, हे मला पैशाच्या दृष्टीनेही पटत नाही.

तुम्ही वाशीच्या एपीएमसीपासून हाकेच्या अंतरावर राहता. ज्वारी, बाजरी, नाचणी, मटकी, कुळीथ महिन्याचं एकदम भरलंत तरी बॉक्सच्या पैशातले बरेच उरतील. त्यातून एकदा चांगल्या आहारतज्ज्ञांची फी द्या. भात किती, भाकरी किती, डब्यात काय, रात्री किती वाजता, हे तुमचं वय, वजन आणि रिपोर्ट पाहून त्यांनी ठरवावं. ते माझं काम नाही. आईंना विचारा, त्यांच्या लहानपणी ताटात काय असायचं. बहुतेक घरांत उत्तर तिथेच सापडतं: भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, कुळथाचं पिठलं, एखाद्या दिवशी बांगडा. आणि रात्री जेवणानंतर निसर्ग उद्यानाच्या बाजूने अर्धा तास चाला, बायकोलाही सोबत घ्या. त्याला हप्ता नाही.

बाहेर खाणं एकदम बंद करू नका, मुलं रुसतील आणि महिन्याभरात सगळं पूर्ववत होईल. रविवारची मिसळ ठेवा. ऑफिसातला रोजचा चार वाजताचा वडापाव आणि आठवड्यात तीनदा फोनवरून येणारं रात्रीचं जेवण, आधी ही दोन सोडा.

एक काम राहिलं. पाच लाख हे या भागातल्या खासगी रुग्णालयांच्या दरात अपुरेच आहेत. वर्षभरात जमलं तर तुम्हा चौघांसाठी पाच लाखांच्या वजावटीचा सुपर टॉप-अप घ्या. पहिले पाच लाख जुन्या पॉलिसीतून, वरचे त्यातून. तो नवा विमा असल्याने अर्जात ६.१ लिहा आणि लागेल तो प्रतीक्षाकाळ सोसा. आज सुरू केला तर तो फार तर तीन वर्षांत संपेल.

म्हणजे क्रम असा: या आठवड्यात विमा कंपनीला ईमेल आणि आईंचं कार्ड. दोन आकडे १८ तारखेपर्यंत आले नाहीत तर आहे तोच फ्लोटर भरून मोकळे व्हा, वेगळं करण्याचं पुढच्या वर्षी पाहू. सवलतीच्या मुदतीवर विसंबू नका. त्या दिवसांत पैसे भरले की सातत्य टिकतं, पण भरण्याआधी कुणी दाखल झालं तर ते बिल तुमच्याच अंगावर येतं. मुलांपैकी एखाद्याला नेमका तेव्हाच ताप भरला तर?

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणून पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी करा. पाचशे रुपयांच्या आसपास होईल, बाहेरच्या खाण्यातून वाचलेल्या पैशातून द्या. आकडा काय आला ते मला जरूर कळवा, मी वाट पाहीन. आईंना माझा नमस्कार सांगा.