बेसिन ओलं आहे का ते बघ

प्रिय बेटा,

सोमवारी संध्याकाळी तू पप्पांसोबत काउंटरपाशी उभी होतीस, तेव्हा गर्दी होती म्हणून मी नुसतं "बघू" म्हणालो असं तुला वाटलं असेल. गर्दी रोजचीच असते. तू विचारलंस, "काका, फार्मसीची डिग्री सगळीकडे सारखीच ना? मग कुठलंही कॉलेज टाकलं तर काय होतं?" आणि माझं तोंडच बंद झालं. एकविसाव्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो, अगदी ह्याच शब्दांत.

मेहनत कर, मन लावून शीक, असलं काही मी लिहिणार नाही. केळीच्या बागेत रात्रीची पाळी धरून सीईटी दिलेल्या पोरीला यावलच्या दुकानात पंख्याखाली बसलेल्या माणसाने मेहनत शिकवायची म्हणजे हसू होईल. मला एकच सांगायचंय. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा आणि तिथलं बेसिन ओलं आहे का ते बघ. न कळवता जा, दुपारी बारा ते चारच्या मध्ये, चालू दिवशी.

हसू नकोस. इमारत, ऑडिटोरियम, फाटकावरचा फलक हे सगळं पैशाने उभं राहतं. तपासणीच्या दिवशी काचेची भांडी येतात, माणसंही येतात, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही परत जातात. बेसिन मात्र तपासणीपुरतं एक दिवस ओलं करून भागत नाही. ज्या बेसिनमध्ये रोज साठ पोरं परीक्षानळ्या विसळतात त्याला डाग पडलेले असतात, खाली पोतेरं असतं, आणि नळाचा वॉशर हमखास गेलेला असतो. कोरड्या बेसिनमध्ये मेलेली पाल सापडते. मी पाहिलीय.

डिग्री सारखी असते हे खरंच आहे, आणि घोळ तिथंच आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याने नोंदणी झालेल्या माणसालाच औषध द्यायचा हक्क दिला, पण नोंदणीच्या प्रमाणपत्रावर तू प्रयोगशाळेत उभी राहिली होतीस की घरी झोपली होतीस हे कुठं लिहिलेलं नसतं. फार्मसी कौन्सिलची, म्हणजे देशभरातल्या फार्मसी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे की नाही ते आधी बघ. कौन्सिलच्या संकेतस्थळावर यादी असते, पाच मिनिटांचं काम. मान्यता नसेल तर पुढं वाचूही नकोस. पण मान्यता आहे म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. 2019 मध्ये कौन्सिलने नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. 2022 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही, त्याला कायदा लागतो. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर किती फलक उगवले ते बसच्या खिडकीतून तूही पाहिलंयस.

आता माझं ऐक. मी डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केलं ते घरापासून लांबच्या एका कॉलेजातून. नाव सांगत नाही. दोन वर्षांत तिथं किती दिवस गेलो ते बोटांवर मोजता येईल. जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, विकत मिळायचं, सरांच्या सहीसकट. पास झालो, नोंदणी झाली, आणि पुढची सहा वर्षं माझं प्रमाणपत्र दुसऱ्याच माणसाच्या दुकानात भिंतीवर टांगलेलं होतं, महिन्याच्या भाड्याने. मी तिकडे फिरकतही नव्हतो. वडिलांची विहीर आटली होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. घरबसल्या येणारा पैसा नाकारायला मी काही संत नव्हतो. शिवाय सगळेच करत होते.

बघ, अजूनही तेच वाक्य तोंडात येतं.

मग स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्याच वर्षी एक बाई आली, संधिवाताची. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकदा. अक्षर लागलं नाही, मी पाकिटावर रोज एक असं लिहून दिलं. दहा दिवसांनी ती तोंड आलंय म्हणून परत आली, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मी काय केलं माहितीय? बी कॉम्प्लेक्सची पट्टी दिली आणि पैसेही घेतले. तिच्या मुलाने तिला जळगावला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पाकीट बघून फोन केला. रक्तातल्या पेशी घसरल्या होत्या. बाई वाचली. माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही, उलट पुढच्या वर्षी लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. मी गेलो नाही.

हे औषध आठवड्याचं असतं, रोज घेतलं तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा भाग, दाबतं, तोंड येणं ही त्याची पहिली खूण. फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषध शरीरात काय करतं त्या विषयाच्या, वर्गात बसलेल्या पोराला हे माहीत असतं. मी त्या वर्गात नव्हतो. नंतर सगळं शिकलो, हट्टाने शिकलो, रात्री दुकान बंद करून पुस्तकं उघडली, आणि आज तालुक्यातले डॉक्टर मला फोन करून विचारतात. ते खरं आहे आणि मला ते तुला सांगायचंच होतं. पण माझं शिक्षण त्या बाईच्या जिवावर झालं.

माझ्याकडे दरवर्षी डी.फार्मची पोरं पाचशे तासांच्या प्रशिक्षणाला येतात. एकदा दोघं सोबत होती. एक मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजचा, बूट चकचकीत. दुसरा पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या कॉलेजचा. मे महिना, पारा 45 वर. एक म्हातारा इन्सुलिन न्यायला आला आणि म्हणाला, बर्फाच्या खणात ठेवतो म्हणजे टिकतं. बुटवाल्याने मान डोलावली. शेडवाला पटकन बोलला, "बाबा, गोठलं तर वाया गेलं. खालच्या खणात ठेवा, दाराजवळ." कुठं शिकलास विचारलं तर म्हणाला, आमच्या सरांनी गोठलेली कुपी आणून दाखवली होती. बेसिन ओलं होतं तिथलं, मी न बघताही सांगतो.

म्हणून पुण्याचं नाव ऐकून पप्पांनी छाती फुगवली तरी तू फुगू नकोस, आणि गावातले दादा खान्देशातल्या कॉलेजांना नाक मुरडतात तेही मनावर घेऊ नकोस. आपल्या अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच शहादा, शिरपूर, चोपडा, फैजपूर अशी ओळीने कॉलेजं आहेत. सगळी चांगली असं मी म्हणणार नाही, सगळी वाईटही नाहीत. जा आणि बघ. गोळ्यांच्या मशीनवर पावडर आहे की धूळ, औषधातले घटक तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या नोंदवहीत शेवटची नोंद कधीची, हेही बघ. प्राचार्यांना काही विचारू नकोस, लॅब असिस्टंटला विचार. तो खोटं बोलायला कंटाळतो.

आणि तो माणूस, जो तुमच्या ओट्यावर चहा पिऊन सांगून गेला की "कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेला या फक्त", त्याला पुन्हा ओट्यावर चढू देऊ नका. बी.फार्मला, म्हणजे तुझ्या डिग्रीला, प्रत्येक विषयात ऐंशी टक्के हजेरी लागते, हा नियम आहे. तो मोडून देतो म्हणणारा उद्या तुझं प्रमाणपत्र भाड्याने लावायलाही येईल. मला भेटलेला दलाल असाच गोड होता.

फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला जे टाकशील ते मिळालं तर मागे फिरता येत नाही, नियमपुस्तिका नीट वाच. म्हणजे बघायचं ते आधी.

शनिवारी मी दुकान दोन वाजता बंद करतो, पण ह्या शनिवारी उघडणारच नाही. सकाळी साडेआठच्या शिरपूर गाडीला स्टँडवर ये, पप्पांना घेऊन. वाटेत चोपड्यालाही उतरू. कॉलेजांची नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आण, मोबाईलवरचं मला दिसत नाही.

तुझा,
काका