नाणी पॅक केली तरी हिरवी कशी पडली?

प्रश्न: आमच्या शाळेचं छोटंसं संग्रहालय आहे, जुन्या शिवराया (तांब्याची नाणी), दोन तलवारी, चांदीची पूजेची भांडी. मे महिन्यात सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून नव्या प्लायच्या कपाटात ठेवलं, दिवाळीला काढलं तर नाण्यांवर हिरवी भुकटी आणि चांदी काळीठिक्कर! जाड शीट मागवू का? (एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: बाई, शीटचं नंतर बघू, आधी पिशवीत काय काय कोंडलं गेलं ते बघू. कोकणातल्या मे महिन्याची दमट हवा तुम्ही स्वतःच आत सील केलीत. साधं पॉलिथिन पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवतं पण गॅस त्यातून हळूहळू जातोच, आणि प्लायचं कपाट बंद असलं की त्या प्लायमधून आम्लाची वाफ सुटत राहते, शिशाच्या वस्तूंची तर ती वाटच लावते.

नाण्यांचा प्रकार वेगळाच. तांब्यात खाऱ्या मातीतलं क्लोराइड मुरलेलं असतं, त्याला ओल आणि ऑक्सिजन मिळाला की हिरवी भुकटी येते, पुसली तरी परत येते. बाहेरून कितीही भारी वेष्टण घाला, रोग आतलाच आहे. म्हणून ती नाणी बाकीच्यांपासून बाजूला काढा, पुसायला ब्रासो आणि चिंच अजिबात नको, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाकून आर्द्रता 35 टक्क्यांच्या आत ठेवा. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी सुकवायचं ते कळतं. डब्यात आर्द्रता दाखवणारं कार्डही टाका.

चांदीचा शत्रू हायड्रोजन सल्फाइड, तो लोकर, रबरबँड, काही फेल्टमधूनसुद्धा येतो. इथे मात्र खास शीटचा उपयोग आहे, तांब्याचे कण मिसळलेलं पॉलिथिन मिळतं, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत निघालेलं, गॅस चांदीपर्यंत पोचायच्या आधी ते तांबंच तो खातं आणि काळं पडत जातं, म्हणजे बदलायची वेळही तेच सांगतं.

तलवारी म्यानातून काढून ठेवा, चामडं ओल धरतं. पात्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेली लॅमिनेट पिशवी सगळ्यात चांगली, त्यातून वाफ जवळजवळ जातच नाही, आत सिलिका जेल टाका आणि फरसाणवाल्याकडच्या सीलिंग मशीनने कडा चिकटवा (आधी त्याला सांगून ठेवा, नाहीतर पातं बघून दचकेल). वेफर्सच्या पाकिटासारखी नुसती चकचकीत फिल्म तेवढं अडवत नाही.

मोठी संग्रहालयं कपाटाचं सामान आधी तपासून घेतात. ब्रिटिश म्युझियममधून 1973 साली आलेल्या ऑडी टेस्टमध्ये ते चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत 60 अंशांवर 28 दिवस दमट बरणीत ठेवतात. पट्ट्या बिघडल्या तर तो माल कपाटात जात नाही. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, सरळ पत्र्याचं कपाट घ्या.

आणि हो, पिशव्यांना रबरबँड लावले होते का, ते लिहायचं राहिलं तुमचं.