सांडपाणी ओढ्याला मिळण्याआधी

गावची वस्ती तीन हजार. घरोघरी नळ आले आणि गल्लोगल्ली डबकी झाली. ग्रामपंचायत सिमेंटची गटारं बांधणार म्हणते. त्यानं भागेल का?

नाही भागणार. गटार पाणी शुद्ध करत नाही, पुढे ढकलतं. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. त्यातलं बरंचसं धुणं-भांडी, आंघोळ होऊन बाहेर पडतं. म्हणजे तुमच्या गावात दिवसाला लाखभर लिटर सांडपाणी! ते ओढ्यात सोडलं की त्रास खालच्या गावाला. म्हणून आधी घरोघरी शोषखड्डे घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं हेच केलं आणि उघडी गटारं व डास दोन्ही घालवले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण, एवढंच काम. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. ग्रामसभेत हा विषय काढाच.

आमची काळी माती. शोषखड्डा एका पावसाळ्यात तुंबला.

आधी टाकीत काय जातंय ते बघा. शितं, तेल आणि साबणाचा साका दगडांच्या फटी बुजवतो. मोरीच्या तोंडाशी जाळी आणि छोटं चेंबर हवंच, आणि ते आठवड्याला साफ करायला हवं. बहुतेक खड्डे या आळसापायी मरतात.

जाळी असूनही तुंबत असेल तर दोष जमिनीचा. फूटभर खोल भोक पाडून पाणी भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा. तासाभरात पातळी जेमतेम हलली तर तिथं दुसरा खड्डा खणू नका. चार-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथवर जाता येईल, पण पावसाळ्यात भूजल वर येत असेल तर तेही नको. मग गल्लीचं पाणी बंद गटारानं गावाबाहेर न्या आणि खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावून त्यातून सोडा. मुळांशी वाढणारे जिवाणू घाण खातात. वीज लागत नाही, देखभाल मात्र लागते.

सेप्टिक टँक बारा वर्षांत उपसलेला नाही, पाणी गटारात जातं. शेजारची बोअर वीस फुटांवर आहे. काळजी करावी का?

हो, आजच करा. तळाशी गाळ साचला की वरची जागा संपते आणि मैला जवळजवळ तसाच बाहेर पडतो. टँकमधून निघणारं पाणी शोषखड्ड्यातच जायला हवं, तेही विहीर-बोअरपासून लांब. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या, नायट्रेटसकट (मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार). त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरतं.

टँक दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या टँकरनंच उपसा. आत माणूस उतरवू नका. विषारी वायूनं काही क्षणांत जीव जातो, आणि हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईनं घरोघरचे टँक ठरावीक वेळापत्रकानं उपसायची आणि मैल्यावर प्रक्रिया करायची सोय केली आहे. लहान गावांनी तालुक्याच्या शहराशी असा करार मागावा.

न्हाणीचं पाणी परसात दिलं तर चालेल?

केळी, नारळाला खुशाल द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना नको. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी मात्र थेट शोषखड्ड्यात सोडा.