मासा : आद्य ख्रिस्ती समाजाची खूण

प्रश्न : गाड्यांवर दोन वक्र रेघांचा मासा चिकटवलेला दिसतो. येशूशी त्याचा काय संबंध?

उत्तर : ग्रीक भाषेत माशाला ‘इख्थिस’ म्हणतात. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ हे ग्रीकमध्ये लिहिलं, की पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून नेमका हाच शब्द तयार होतो. ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात ही जुळणी उलगडून सांगितली आहे. खूण मात्र त्याच्या किमान दोनशे वर्षं आधीपासून वापरात होती.

प्रश्न : छळाच्या काळात एकाने धुळीत अर्धा मासा काढायचा, समोरच्याने तो पुरा करायचा आणि मग ओळख पटायची, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : गोष्ट मला आवडते, पण एकाही प्राचीन लेखकाने ती सांगितलेली नाही. उलट मासा उघड्यावर दिसतो. इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट श्रद्धावंतांना सांगतो, की मुद्रेच्या अंगठीवर कबुतर, मासा, जहाज, वीणा किंवा जहाजाचा नांगर कोरून घ्या. अंगठी रोज हातात, चारचौघांत. रोममधला लिकिनिया आमियास या स्त्रीचा स्मृतिशिलालेख तर फार बोलका आहे. वर मृतात्म्यांच्या देवतांना उद्देशून कोरलेली नेहमीची रोमन अक्षरं, खाली ‘जिवंतांचा मासा’ हे ग्रीक शब्द आणि नांगराच्या दोन बाजूंना दोन मासे! जुनी रीत न मोडता त्या कुटुंबाने आपली नवी श्रद्धा दगडावर कोरली. मला हा दगड त्या धुळीतल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

प्रश्न : मग अर्थ एवढाच, आद्याक्षरांचा?

उत्तर : नाही, आणि खरी श्रीमंती इथेच आहे. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन बाप्तिस्म्याविषयी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेविषयी लिहितो, की आपण लहान मासे, आपल्या ‘इख्थिस’प्रमाणे पाण्यात जन्मतो, पाण्यात राहूनच आपण सुरक्षित. दुसरा धागा भोजनाचा. फ्रिगियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) आबेर्किउस या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या थडग्यासाठी मजकूर रचला. रोम पाहिलं, युफ्रेटिस नदी ओलांडली आणि सगळीकडे श्रद्धेने जणू यजमान होऊन झऱ्यातला मोठा, निर्मळ मासा पुढे वाढला, सोबत द्राक्षारस आणि भाकर, असं तो सांगतो. म्हणजे परक्या गावातही प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीचं) ताट तेच होतं. रोमच्या कॅलिक्स्टस दफनभुयारातही मासा आणि भाकरींची टोपली एकत्र रंगवली आहे. पाच हजारांना पाच भाकरी आणि दोन मासे पुरले, ही शुभवर्तमानातली (येशूचं जीवन सांगणाऱ्या ग्रंथातली) कथा पाहणाऱ्याला तिथे आठवणारच.

प्रश्न : मत्स्यावताराशी नातं जोडता येईल का?

उत्तर : तसा काहीही पुरावा नाही. मनूची नाव ओढणारा मासा शतपथ ब्राह्मणात आहे, तो प्रलयकथेतला आहे. दोन्हीकडे पाणी आणि तारण आहे, पण एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

प्रश्न : हे दगड आज पाहता येतात का?

उत्तर : हो. लिकिनियाचा शिलालेख रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात, डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या वास्तूत आहे. आबेर्किउसच्या लेखाचे १८८३मध्ये सापडलेले तुकडे व्हॅटिकन संग्रहालयात आहेत.