जुन्या बुलेटचे टॅपेट

प्रश्न : माझ्याकडे १९९२ सालची ३५० सीसी बुलेट आहे. टॅपेटचा आवाज वाढल्याने मेकॅनिकने ते आवळून दिले. आवाज गेला, पण आता गाडी गरम झाल्यावर ओढत नाही आणि बंद पडल्यास लवकर सुरू होत नाही. असे का व्हावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वर्णनावरून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी खालून ढकल देणारे भाग) गरजेपेक्षा जास्त आवळले गेले असावेत. अशा वेळी व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (सिलिंडर हेडमधील बैठकीवर) पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये न उतरल्याने त्याची कड जळू लागते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत कृपया गाडी चालवू नये.

ओतीव लोखंडी सिलिंडरच्या या इंजिनात फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी सर्वांत वर आणावा आणि उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडावे. पुशरॉड (टॅपेटची ढकल वर व्हॉल्व्हकडे नेणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, मात्र वर-खाली हलता कामा नये. टॅपेट एका पान्याने धरून, दुसऱ्याने लॉकनट सैल करून, तिसऱ्याने अॅडजस्टर फिरवावा. लॉकनट आवळताना माप हमखास सरकते, त्यामुळे नंतर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहणे अत्यावश्यक आहे. किंचित आवाज राहिला तरी चालेल. घट्ट टॅपेट मात्र कधीही नको.

एवढे करूनही कॉम्प्रेशन कमीच वाटले, तर डीकॉम्प्रेसरची (किक मारणे सोपे व्हावे म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या यंत्रणेची) केबल ताणलेली नाही ना, हे पाहावे आणि मगच हेड उघडण्याचा विचार करावा.