जुनी गाडी, तीन महिन्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं 'ही झीज आहे'. काय करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: राहता शिरपूरला, दोन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका माणसाकडून चार वर्षं वापरलेली गाडी घेतली, कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी अजून तीन महिने आहे. उभ्या गाडीत एसी गार करत नाही आणि खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते. धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरने एसीत गॅस भरून पैसे घेतले, आणि खडखडीला 'झीज आहे, वॉरंटीत बसत नाही' म्हणून वाटेला लावलं.

भाऊ, मी अमळनेरचा. माझ्या गाडीला हेच दोन्ही आजार होते. एक वॉरंटीत निघाला, दुसरा नाही निघाला, आणि जो नाही निघाला त्यात निम्मी चूक माझी होती. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी जूनच्या शेवटी कोणीतरी शेतकरी येतो, 'कपाशी उगवलीच नाही' म्हणतो. कंपनीचा माणूस आला की शेत बघायच्या आधी त्याचे तीन प्रश्न: पिशवी आहे का, टॅग आहे का, बिल आहे का? मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, की बाबा, पीक हातात येईपर्यंत पिशवी आणि बिल फेकू नको, मूठभर बियाणंही ठेव. आणि मी स्वतः गाडी घेतली तेव्हा जुन्या मालकाकडून दोन किल्ल्या आणि आरसी घेऊन मोकळा झालो. सर्व्हिसची बिलं त्याच्या कपाटात पुण्यातच राहिली.

तर पहिलं काम: वॉरंटी कोणाच्या नावावर आहे ते बघा. आरसी तुमच्या नावावर झाली म्हणजे वॉरंटी आपोआप तुमची झाली असं धरून चालू नका. आरटीओचे फॉर्म 29 आणि 30 भरले की गाडी तुमची होते, इन्शुरन्सचं नाव वेगळं बदलावं लागतं, आणि वॉरंटीचं त्याहून वेगळं. बऱ्याच कंपन्या दुसऱ्या मालकाला वॉरंटी चालू ठेवतात, पण त्यासाठी अर्ज, नव्या आरसीची प्रत आणि कधी थोडी फी मागतात. माझ्या गाडीची नोंद करायला सर्व्हिस सेंटरच्या मुलाला दहा मिनिटं लागली, पण ती दहा मिनिटं मी सात महिने पुढे ढकलली होती. वॉरंटीच्या अटींचं पुस्तक जुन्या मालकाकडे नसेल तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या कस्टमर केअरकडून ईमेलवर मागवा. त्यात तारीख आणि किलोमीटर दोन्ही बघा, कारण जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. तीन महिने हातात आहेत आणि किलोमीटर मात्र आठशेच उरलेत, असंही असू शकतं. शिरपूर-धुळे जाऊन-येऊनच शंभरेक किलोमीटर होतात.

(गाडी डीलरकडून घेतली असती आणि वॉरंटी त्याने दिलेली असती तर प्रकरण निराळं. त्या वॉरंटीत बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सच असतं, एसी-स्टिअरिंगचं नावही नसतं. तुमची कंपनीची आहे, त्यामुळे बरं आहे.)

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार लिहून घेतात तो कागद. सगळी मेख इथे आहे. गाडी आत घेताना ॲडव्हायझर विचारतो, 'काय प्रॉब्लेम, काका?' आपण म्हणतो, 'एसी बघा जरा.' तो लिहितो 'एसी चेक'. संध्याकाळी गाडी मिळते, कागदावर 'एसी चेक केला, ओके'. तो कागद उद्या तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. त्याऐवजी जे दिसतं, जे ऐकू येतं, ते वाक्यात लिहायला लावा: 'दुपारी उभ्या गाडीत एसीतून गरम हवा येते, गाडी चालू लागल्यावर गार होते.' 'सावकाश खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खडखड येते, उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं तरी येते.' कोणता पार्ट गेला ते आपण सांगायचं नाही. तुम्ही 'कॉम्प्रेसर बदला' म्हणालात तर ते कॉम्प्रेसर तपासून 'चांगला आहे' म्हणतील आणि मोकळे होतील. लक्षण लिहिलं की ते बरं होईपर्यंत तक्रार जिवंत राहते.

जॉब कार्डची प्रत मागा, मोबाइलवर फोटो काढा. 'दोष आढळला नाही' म्हणाले तर तेही लिहून मागा. कारण वॉरंटीच्या काळात नोंदवलेली तक्रार मिटली नाही आणि मध्ये तारीख उलटली, तर तुम्ही तारखेसह दाखवू शकता की दोष आधीचा आहे. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ॲडव्हायझर तर सहा महिन्यांत बदलून जातात.

एसीचं सविस्तर सांगतो, कारण इथेच तुमचे पैसे गेले. गॅस भरून दिला म्हणजे दुरुस्ती झाली नाही. एसीची यंत्रणा बंद असते. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो कमी झाला तर कुठूनतरी गळतोय. मग गळती कुठे आहे ते त्यांनी शोधायला हवं. नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघतात, किंवा गॅसबरोबर चमकणारा रंग सोडून निळ्या लाइटखाली सांधे तपासतात. माझ्याकडे एप्रिलमध्ये गॅस भरला, मेमध्ये पुन्हा भरला, दोन्ही वेळा बिल माझ्या नावावर. तिसऱ्यांदा मी वर्क्स मॅनेजरच्या टेबलासमोर बसलो आणि एवढंच विचारलं: 'साहेब, दीड महिन्यात दोनदा भरलेला गॅस गेला कुठे?' तेव्हा रंग सोडला गेला. गळती कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून होती. कॉम्प्रेसर वॉरंटीत होता. माझ्या हातात आधी दिलेलं एस्टिमेट अठ्ठावीस हजारांचं होतं!

आणि हो, कंडेन्सरला (गाडीच्या पुढे असलेली, एसीचा गॅस थंड करणारी जाळी) समोरून दगड लागून भोक पडलं असेल तर ते वॉरंटीत येत नाही, तो बाहेरचा मार धरतात. उभ्या गाडीत गरम आणि चालत्या गाडीत गार, हे कंडेन्सरच्या पंख्याचंही लक्षण असू शकतं: गाडी पळाली की वारा आपोआप लागतो, उभी राहिली की पंख्यावर भिस्त. तुमच्या गाडीत पंखाच निघाला तर काम सोपं.

आपल्याकडची एक अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. आपण सकाळी नऊला गाडी नेतो, ते अकराला शेडखाली तपासतात, एसी झकास चालतो. दोष असतो दुपारी दोनचा, 44 अंशांतला. मी दुसऱ्या खेपेला मुद्दाम दुपारी एकला पोचलो, गाडी अर्धा तास उन्हात उभी केली, मग फोरमनला शेजारी बसवलं. त्याआधी घरी साध्या थर्मामीटरची काडी जाळीत खोचून व्हिडिओ काढून ठेवला होता: उभ्या गाडीत वीस मिनिटांनी 27 अंशांची हवा येत होती. घामाघूम झालेला फोरमन व्हिडिओ बघायच्या आधीच म्हणाला, 'लिहितो काका, लिहितो.' खडखडीसाठीही तेच करा. फोरमनला गाडीत घ्या, हायवेवर नको, वर्कशॉपच्या मागच्या खराब रस्त्यावर न्या, आणि आवाज आला की तिथेच थांबवून विचारा, 'हाच ना?'

आता खडखड. 'झीज' हा शब्द त्यांनी खोटा वापरलाय असं नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बल्ब, बॅटरी, रबरी बुश ही बहुतेक वॉरंट्यांत झिजणारी वस्तू म्हणून वगळलेली असतात. पुढच्या खडखडीत लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड असेल तर पैसे तुम्हालाच द्यावे लागतील, आणि ते फार नसतात. पण तोच आवाज स्टिअरिंग रॅकचा (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) असू शकतो, आणि रॅक बहुधा वॉरंटीत असते. म्हणून 'झीज' म्हटलं की एकच विचारायचं: कोणत्या भागाची? भागाचं नाव आणि अटींमधलं कलम त्यांना जॉब कार्डवर लिहायला लावा. न उघडता, न उचलता 'झीज' म्हणणं म्हणजे अंदाजे बोलणं. तुमची गाडी लिफ्टवर चढवली होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

माझी चूक इथे झाली. सर्व्हिस सेंटरने एकदा परत पाठवलं, हंगाम तोंडावर होता, दुकानात पेरणीची गर्दी, पुन्हा जायला वेळ नाही. गावातल्या ओळखीच्या मिस्तरीकडे गाडी नेली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, 'आबा, हाऊ आवाज रॅकना शे.' अगदी बरोबर निदान. मी म्हटलं, कर मग काहीतरी. त्याने रॅकचं रबर सोडून आत ग्रीस आणि एक पॅकिंग टाकलं, चारशे रुपये घेतले, दीड महिना आवाज बंद. पुन्हा सुरू झाला तेव्हा सर्व्हिस सेंटरने रॅक उतरवली, आतलं पॅकिंग बघितलं, फोटो कंपनीकडे पाठवले, आणि उत्तर आलं: बाहेर छेडछाड झालेली, क्लेम नामंजूर. रॅक आधीपासूनच खराब होती हे मलाही माहीत, फोरमनलाही माहीत. पण पहिल्या खेपेच्या जॉब कार्डवर काय लिहिलं होतं? 'फ्रंट चेक, ओके.' भांडायला हातात काही नव्हतं. मिस्तरीचा दोष नाही, तो आजही माझी स्कूटर बघतो. तुमचे तीन महिने संपेपर्यंत मात्र बाहेर पाना लावू देऊ नका, चारशे रुपयांतही नको आणि फुकटातही नको.

आणखी एक कारण पुढे करतील: 'मागच्या मालकाने एक सर्व्हिस चुकवलीय.' चेसिस नंबरवर सगळ्या सर्व्हिसची नोंद त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसते, तुम्हीही प्रिंट मागू शकता. इंजिनचा दोष असेल आणि ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण ऑइल बदललं नाही म्हणून एसीचा कॉम्प्रेसर गळला, हे कोणी लेखी देणार नाही. म्हणून लेखीच मागा. बाहेरच्या अधिकृत सेंटरची बिलं पुण्याच्या मालकाकडे असतील तर व्हॉट्सॲपवर फोटो मागवून घ्या. गाडी विकल्यावर माणूस दोन-तीन महिने फोन उचलतो, नंतर नंबर ओळखत नाही.

क्लेम मंजूर करणं बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरच्या हातात नसतं. ते फोटो, एरर कोड पाठवतात, कंपनीचा वॉरंटी बघणारा माणूस ठरवतो. त्यामुळे काउंटरवरच्या पोरावर ओरडून उपयोग नाही. त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, जॉब कार्ड नंबर घाला, तक्रार क्रमांक घ्या. माझ्या पार्टला त्यानंतर नऊ दिवस लागले. वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनी ठेवून घेते, तो मागू नका. पैसे देऊन बदललेला मात्र जरूर मागून घ्या.

ईमेललाही उत्तर नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा एवढ्यावर फोन येतो. त्यापुढे सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी धुळे, पुण्याला खेटे नकोत. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावायलाच हवा असं नाही. मी तिथवर गेलो नाही. अठ्ठावीस हजारांचा कॉम्प्रेसर मिळाला होता, रॅकसाठी कागद नव्हता. नवा कॉम्प्रेसर बसवताना गॅस आणि ऑइलचे पैसे त्यांनी घेतलेच, ती खर्चाची वस्तू म्हणून. पण आधीच्या दोन गॅसपैकी एकाचे पैसे भांडून परत मिळवले. तुम्ही गॅसचं बिल फेकलं नसेल अशी आशा करतो, कारण गळती वॉरंटीतल्या भागात निघाली तर तेच बिल घेऊन तुम्हालाही मागता येईल.

या आठवड्यातच जा. आधी आरसीची प्रत देऊन वॉरंटीवर नाव चढवा, मग नवं जॉब कार्ड उघडा, दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या ओळींत. शिरपूरहून बाराच्या आधी निघू नका. धुळ्यात पोचल्यावर सावली सापडली तरी गाडी उन्हातच लावा.